राहुटीतील रात्र

कार्तिक-मार्गशीर्षाचे दिवस आले, की बेळगाव-खानापूरकडील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांना जुन्या गोव्याची ओढ लागते. २४ नोव्हेंबरला नोव्हेना सुरू होते आणि ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण येतो. त्यासाठी पायी जाणाऱ्यांचे जथे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. तेव्हा आपल्या दोन्ही लेकरांना घेऊन या वाटेचा काही भाग तरी आपल्या पायांनी चालावा, असे आमच्या मनाने घेतले. थोरली सात वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. तो आदल्या पावसाळ्यात फार आजारी पडला होता, आणि बरा झाला तर त्याला चालवत संताच्या पायांशी नेईन, असे त्याच्या आईने बोलून ठेवले होते.

मोठी माणसे कोठेही पथारी पसरतात. चार वर्षांच्या मुलास ते कसे साधावे? म्हणून तंबू घ्यावयाचे ठरले. दुकानात गेलो. सर्वांत हलका आणि सर्वांत स्वस्त असा एकपदरी तंबू आम्ही उचलला. वजन दोन किलोंहूनही कमी! सौभाग्यवती म्हणाली, "अहो, घरी एकदा उभारून तरी बघू या." आम्ही हसून तिकडे दुर्लक्ष केले.

जांबोटीच्या पुढे बसमधून उतरून, मुलांच्या पावलांनी दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालत आम्ही कणकुंबीस पोचलो. मलप्रभा नदी जेथे उगम पावते ते हे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. भोवती दाट रान. त्यात गवे आणि अस्वलेही वावरतात. रानात तंबू ठोकणे धोक्याचे आणि नियमाविरुद्धही. म्हणून एका शेतकऱ्याच्या घरी अंगणाची परवानगी मागितली. त्या भल्या माणसाने अंगण दिलेच, वर मुलांना ऊन दूधही दिले.

नोव्हेंबरअखेरची रात्र. थंडी पडू लागताच आम्ही तंबूची सर्व दारे-खिडक्या घट्ट बंद केल्या. जपमाळ म्हणून निजलो. मध्यरात्री धाकटा रडत उठला. पाहतो तो त्याचे पांघरूण ओले, कपाळावर थेंब ठिबकत होते. पाऊस म्हणावा, तर बाहेर आकाश चांदण्यांनी भरलेले! पोराला छातीशी धरून त्याची आई पहाटेपर्यंत बसून राहिली. सकाळी त्याला ताप होता. तंबू गळका निघाला म्हणून आम्ही दुकानदारास बोल लावू लागलो. शेतकऱ्याने आत हात फिरवून पाहिला आणि शांतपणे म्हटले, "मामा, पाणी वरनं न्हाई आलं. तुमच्याच श्वासाचं हाय ते."

खरेच होते. चार माणसांच्या उच्छ्वासातील वाफ थंड कापडास लागते आणि तिचे पाणी होते. एकपदरी कापडाखाली ते थेट अंगावर पडते. आम्ही त्याच दिवशी बसने माघारी फिरलो. नवस अर्धाच राहिला. वाटेत सौभाग्यवती एक शब्दही बोलली नाही, आणि ते मौन आम्हांस कोणत्याही बोलण्याहून जड वाटले.

पुढील वर्षी मात्र शहाणपणाने निवड केली. ज्या वाचकांस लेकरांसह असे जावयाचे असेल, त्यांच्यासाठी ती येथे सांगतो. तंबू दुपदरी असावा : आत जाळीचा, बाहेर पाणी न शोषणारे आच्छादन, आणि दोहोंमध्ये हवा खेळण्यास जागा. वाफ जाळीतून बाहेर जाते, आणि थेंब जमलेच तर ते आच्छादनावरून खाली ओघळतात. जाळीमुळे डासही आत येत नाहीत. कितीही थंडी असो, वरची झडप थोडी उघडी ठेवावी. ऊब पांघरुणाने आणावी, दार कोंडून नव्हे. तळाचे कापड कडांनी वर वळलेले असावे, म्हणजे जमिनीवरचे पाणी आत शिरत नाही. दांडे ॲल्युमिनियमचे घ्यावेत. काचतंतूचे स्वस्त असले, तरी जड असतात आणि चिरतात. "तीन माणसांचा" म्हणून जो विकतात, तो साधारण १८० सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे माणशी जेमतेम खांद्याएवढी जागा. झोपेत लोळणाऱ्या मुलांसाठी एक माणूस अधिक धरावा. अशा चार माणसांच्या हलक्या तंबूचे वजन अडीच ते चार किलो भरते, परंतु ते वाटून घेता येते : आच्छादन एकाच्या पाठीवर, आतला तंबू दुसऱ्याच्या, मेखांची थैली थोरलीकडे. तंबूत चूल किंवा शेगडी कधीही पेटवू नये. आगीइतकाच तिचा विषारी वायू घातक असतो. आणि निघण्यापूर्वी एक रात्र आपल्याच अंगणात तो उभारून निजावे. हा शेवटचा नियम कोणी सांगितला होता, हे वाचकांच्या ध्यानात असेलच.

त्या वर्षी कणकुंबीच्या त्याच अंगणात आम्ही पुन्हा उतरलो. सकाळी आच्छादन दवाने चिंब होते. आत धाकट्याचे पांघरूण कोरडे. चोर्ल्याचा घाट वळणांचा आणि ट्रकांच्या वर्दळीचा, म्हणून तेवढा बसने उतरलो. पुढे साखळी, डिचोली करीत, नार्व्याच्या तरीने दिवाडी बेटावर आणि तेथून दुसऱ्या तरीने मांडवीपलीकडे आलो. व्हाइसरॉयच्या कमानीखालून धाकटा स्वतःच्या पायांनी चालत गेला.

बॉम जेझूच्या रांगेत उभे असता मनात आले : ज्याच्या दर्शनास आपण आलो, तो १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर, साध्या झोपडीत, मोजक्याच सोबत्यांच्या सान्निध्यात प्रभूकडे गेला. संत पौलाने तर तंबू शिवून आपले पोट भरले. देवाच्या माणसांना कापडाचे छप्परही पुरले. आपल्याला मात्र त्या छपराखाली लेकरे निजवावयाची असतात. म्हणून ते डोळसपणे निवडणे हाही भक्तीचाच भाग होय.

परतताना सौभाग्यवती म्हणाली, "पुढच्या वर्षी आईंनाही आणू या." आम्ही मनातल्या मनात आणखी एका माणसाची जागा मोजू लागलो.