हायवेवरचं हॉटेल माझ्यामुळे बुडालं

खोपोलीच्या अलीकडे, जुन्या मुंबई-पुणे हायवेला लागून माझं हॉटेल होतं. आज तिथे पत्रे उडालेली शेड आणि गवत आहे. एक्स्प्रेसवेनं धंदा बुडवला, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे.

नव्वदच्या दशकात बोरघाट चढण्याआधी गाड्या हमखास थांबत. रेडिएटरमध्ये पाणी भरायचं, तेवढ्यात मिसळ-चहा व्हायचा. ड्रायव्हरला जेवण फुकट दिलं, की खासगी बस आमच्याच दारात लागे. गर्दी घाटामुळे होती. मी ती आमच्या चवीची समजलो.

१९९८पासून नव्या रस्त्याचं काम डोळ्यांदेखत चालू होतं. टोल भरून कोण जाणार, असं म्हणत मी कर्ज काढलं आणि एसी फॅमिली रूम बांधली. २००२मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण खुला झाला. मोटारी तिकडे वळल्या, त्यांना खायला तिथेच फूड मॉल मिळाले.

तरीही हॉटेल तगलं असतं. एक्स्प्रेसवेवर दुचाकींना बंदी असल्यानं त्या आमच्याच रस्त्यानं जात. खोपोलीच्या कारखान्यांत पाळीवर येणारे कामगार होते. त्यांना स्वस्त राइसप्लेट, महिन्याची खाणावळ हवी होती. मी दर उतरवले नाहीत, मोटारवाल्यांचीच वाट पाहिली. खर्च वाचवायला तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं, सकाळची भाजी रात्री फोडणी देऊन वाढली. नेहमीची गिऱ्हाइकंही तुटली.

सगळ्यात वाईट वागलो ते हॉटेलातल्या कामगारांशी. बँकेचा हप्ता चुकू नये म्हणून आचाऱ्याचे आणि वेटर पोरांचे पगार थकवले. आचारी सोडून गेला आणि थोड्याच दिवसांत मी हॉटेल बंद केलं. सगळ्यांची बाकी मी पुरती चुकवू शकलो नाही. कर्जापेक्षा तेच जास्त सलतं.

समृद्धी महामार्ग झाला, गावोगावी बायपास होताहेत. जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: भूसंपादनाची मोजणी सुरू झाली, की नवं बांधकाम थांबवा. आसपासच्या गावांतलं रोजचं गिऱ्हाईक आधी जोडा. आणि हातात पैसे कमी असतील, तर बँकेच्या आधी आपल्या माणसांचे पगार द्या.