क्वार्टर रिकामं होतंय, चला बघायला! भिलाईतली जुन्या वस्तूंची शोधाशोध

‘क्वार्टर खाली कर रहे हैं, सामान बेचना है.’ भिलाईतल्या एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा मेसेज आला, की समजायचं आपली वेळ झाली. चहा संपवा, सुट्टे पैसे आणि एक मोठी पिशवी घ्या आणि निघा.

परदेशी सिनेमांत लोक घराबाहेर टेबलं मांडून जुनं सामान विकतात, त्याला गॅरेज सेल म्हणतात. भिलाईत गॅरेजऐवजी व्हरांडा असतो आणि टेबलाऐवजी जुनी चादर. चादरीवर मिक्सर, कुकर, पोरांच्या सायकली, पडद्यांचे रॉड. तुम्ही मात्र कोपऱ्यातल्या डब्यांकडे बघा. गंमत तिथे असते.

भिलाईच का?

नागपूरहून हावड्याच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसलात, की दुर्ग मागे पडल्यावर लगेच भिलाई सुरू होते. २ फेब्रुवारी १९५५ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि इथे पोलाद कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. कारखान्याबरोबर गावही वसलं. सरळ रस्ते, दुतर्फा झाडं आणि नावांऐवजी आकड्यांनी ओळखले जाणारे सेक्टर.

सोव्हिएत तंत्रज्ञ इथे कुटुंबांसह राहिले. इथले अनेक अभियंते प्रशिक्षणासाठी तिकडे जाऊन आले. जाता-येता वस्तूही आल्या. कोणी कॅमेरा आणला, कोणी एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्या, कोणी कोटाला लावायचे बिल्ले. दुसरीकडे, केरळपासून पंजाबपर्यंतची माणसं नोकरीसाठी इथे आली, तीही आपापली भांडीकुंडी घेऊन. मैत्रीबाग नावाचं प्राणिसंग्रहालय त्या दोन देशांच्या दोस्तीची खूण म्हणून आजही उभं आहे. पण मला विचाराल तर त्या दोस्तीचं खरं म्युझियम क्वार्टरांच्या माळ्यांवर आहे. माणूस निवृत्त झाला, क्वार्टर सोडायची वेळ आली, की ते खाली उतरतं.

काय शोधायचं, कसं ओळखायचं?

रशियन येत नसलं तरी अडत नाही. चार खुणा लक्षात ठेवा.

एक, इंग्रजीतल्या ‘सीसीसीपी’सारखी दिसणारी चार अक्षरं. रशियनमध्ये ती ‘एसएसएसआर’ अशी वाचतात, म्हणजे सोव्हिएत संघ. ती असतील तर वस्तू १९९१च्या आधीची, म्हणजे संघ फुटण्यापूर्वीची. अर्थात नकलाही निघतात, म्हणून झीज आणि गंजही बघा.

दोन, किंमत. सोव्हिएत संघात वस्तूंचे भाव सरकार ठरवायचं, त्यामुळे कित्येक वस्तूंवर किंमत कागदाच्या चिठ्ठीऐवजी थेट धातूत किंवा प्लॅस्टिकमध्ये उमटवलेली असते. रूबलचं अक्षर आपल्याला इंग्रजी ‘पी’ वाटतं आणि कोपेकचं ‘के’. शंभर कोपेक म्हणजे एक रूबल.

तीन, पंचकोनी शिक्का. हे तिथलं सरकारी गुणवत्ता चिन्ह. ते १९६७मध्ये सुरू झालं, तेव्हा वस्तू त्यानंतरची, हे नक्की.

चार, मिशा! पोटावर पाच कड्यांचा पट्टा बांधलेलं हसरं अस्वल दिसलं तर सोडू नका. ते १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकचं शुभचिन्ह. व्हिक्टर चिझिकोव्ह या चित्रकारानं ते काढलं.

कॅमेऱ्यांत दोन नावं जास्त भेटतात. लेनिनग्राडच्या लोमो कारखान्यातला हलका, काळा स्मेना-८एम आणि हातात घेतल्यावर वीट वाटावी असा जड झेनिट. दोन्ही रीळवाले. झेनिटच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत नंबराचे पहिले दोन आकडे म्हणजे तो बनला ते वर्ष. घेण्याआधी शटर चार-पाच वेळा दाबा, भिंग उजेडात धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. शोभेसाठी घ्या, फोटोसाठी नको.

आणि एक गोष्ट घेऊच नका, कारखान्याचा शिक्का असलेलं हत्यार किंवा सुटा भाग. ते घरचं नसतं.

व्हरांड्यात काही मिळालं नाही तर सुपेल्याचा रविवारचा बाजार आहे, पॉवर हाउसकडची दुकानं आहेत आणि कबाडी आहेत. आपल्या भंगारवाल्याला इथे कबाडी म्हणायचं. पण त्या कबाड्यांबद्दल मला एक गोष्ट सांगायलाच हवी.

फिरकीचा तांब्या

माझी मावशी लग्न होऊन नागपूरहून भिलाईला आली, तेव्हा आजीनं तिला प्रवासात पाण्यासाठी पितळी फिरकीचा तांब्या दिला होता. बुडाशी आजीचं नाव घातलेलं, ठिपक्याठिपक्यांचं. काका निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायची तारीख आली, तेव्हा मी मदतीला गेले. मदत कसली, माझा डोळा माळ्यावर होता. मी स्मेनाच्या रिकाम्या चामडी केसवर खूश होऊन बसले होते, आणि मागच्या दारी काकांनी जुन्या भांड्यांचं पोतं वजनावर देऊन टाकलं. तांब्या त्या पोत्यात होता.

मावशीच्या लक्षात आलं रात्री, पाणी भरताना. ती काकांना काही बोलली नाही. नुसतीच ओट्याशी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी रिक्षानं निघालो. तीन दुकानं पालथी घातली. त्या दिवशी मी पितळेच्या ढिगात जितकी नावं वाचली, तितकी आयुष्यात वाचली नव्हती. बंगाली, तेलुगू, मल्याळी, गुरुमुखी. काही मला वाचताही येत नव्हती, पण घालण्याची तऱ्हा तीच, ठिपक्याठिपक्यांची. प्रत्येक भांडं कोणीतरी कोणाला तरी दिलेलं. मावशी एकेक उचलून उलटं करून बघत होती. तिसऱ्या दुकानदारानं पोतं ओळखलं आणि म्हणाला, “पीतल तो सुबह ही निकल गया, दीदी.”

तांब्या मिळाला नाही. परतताना मावशी एवढंच म्हणाली, “उलटा करून बघायला हवा होता गं त्यांनी.”

म्हणून एक प्रश्न

त्यानंतर मी जुनं सामान घेतेच, पण एक नियम पाळते. वस्तू आवडली की आधी उलटी करायची. नाव, तारीख, काही लिहिलेलं असेल तर विकणाऱ्याला दाखवायचं आणि विचारायचं, “हे नक्की द्यायचंय ना?” घर रिकामं करणारा माणूस घाईत असतो, थकलेला असतो. त्याच्या घाईत आपला फायदा असतो, हे खरं आहे. पण तो फायदा दुसऱ्या दिवशी त्याला कबाड्यांच्या दारी फिरवणार असेल, तर नको.

गेल्या हिवाळ्यात एका व्हरांड्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसला. आत तीसेक रशियन बिल्ले. शहरांचे, अंतराळयानांचे, एक मिशासुद्धा! विकणारे आजोबा म्हणाले, “सब ले जाओ, पाँच सौ दे दो.” माझा हात पर्सकडे गेलाच होता. तरी नियमाप्रमाणे डबा त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, “अंकल, एक बार देख लीजिए.”

त्यांनी चष्मा लावला. मग बराच वेळ बिल्ले एकेक करून चादरीवर मांडत राहिले. हा इंजिनिअर मित्रानं दिला, हा तिकडे ट्रेनिंगला गेलो होतो तिथल्या स्टेशनवर घेतला, हा मुलीच्या फ्रॉकला लावायचो. पाऊण तास गेला. शेवटी त्यांनी सहा बिल्ले वेगळे काढून शर्टाच्या खिशात टाकले. त्यात मिशाही गेला.

उरलेले मी घेतले. आजोबा चारशेच म्हणत होते, मी पाचशेच दिले. एका बिल्ल्याच्या पाठीवर किंमत आहे, पंधरा कोपेक. तो मी रोजच्या बॅगेला लावलाय. कोणी विचारलं की पाऊण तासाची गोष्ट सांगते.

तुमच्याही घरी माळा असेलच. या सुट्टीत एखादा डबा उतरवा, उलटा करा आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला दाखवा. विकायचं की ठेवायचं, ते नंतर ठरवा.