बिंदू आणि अक्ष

दृष्टिवैषम्याला मराठी परिभाषेत ‘अबिंदुकता’ असा नेमका शब्द आहे. पारपटलाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसली, की एका बिंदूतून निघालेले किरण पुन्हा एका बिंदूत मिळत नाहीत. देवनागरीच्या वाचकाला हा दोष बहुधा अनुस्वारातच भेटतो. आमचे डोळे ‘मद’ आणि ‘मंद’ यांतला भेद कित्येक वर्षे केवळ संदर्भावरून करीत असत.

१८०१ साली थॉमस यंगने हा दोष स्वतःच्याच डोळ्यात मोजला. १८२५ साली जॉर्ज एअरीने स्वतःसाठी दंडगोलाकृती भिंग घडवून घेतले. चष्म्यातला ‘सिलिंडर’ तो हाच. पुढे शस्त्रक्रियेचे मार्ग निघाले. लॅसिक किंवा पीआरके या पद्धतींत लेसरने पारपटलाचाच आकार सुधारतात. मात्र त्यासाठी ते पुरेसे जाड आणि नंबर स्थिर असावा लागतो. पारपटलाच्या कडेला छेद देऊन त्याचा बाक सैल करणे सौम्य दोषापुरते उपयोगी पडते.

आम्हांस मोतीबिंदूही होता. नैसर्गिक भिंग काढावयाचेच होते. त्याजागी टॉरिक भिंग बसवल्यास दोन्ही कामे साधणार होती. या भिंगाला अक्ष असतो. ते एक अंश फिरले, तर सुमारे ३.३ टक्के गुण वाया जातो. ३० अंश फिरले, तर जवळजवळ सारा. माणूस आडवा झाला, की डोळाही किंचित फिरतो. म्हणून अक्षाच्या खुणा रुग्णाला बसवूनच करतात.

आमचा खरा पेच निराळाच होता: स्पष्ट काय हवे, जवळचे की दूरचे? एककेंद्री भिंग एकाच अंतरावर स्वच्छ दाखवते. बहुकेंद्री भिंगाने दोन्ही साधते. पण काळ्या-पांढऱ्यातला भेद थोडा फिका होतो आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. जुन्या नियतकालिकांच्या पिवळ्या पानांवर उरलेली फिकट शाई वाचणाऱ्यांना ही तडजोड मानवणारी नव्हती. आम्ही एककेंद्री टॉरिक भिंग आणि पुस्तकाचे अंतर निवडले.

त्याची किंमत आहेच. वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा चेहरा ओळखावयास चष्मा लागतो; पुस्तकासाठी मात्र लागत नाही. ज्यांना असा निर्णय घ्यावयाचा असेल, त्यांनी आपण दिवसाचे किती तास कोणत्या अंतरावर पाहतो, ते आधी लिहून काढावे आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा.