गळ्याला मानवणारं पातं

दुकानात जाऊन "चांगलं ब्लेड द्या" म्हटलं, तर दुकानदार सगळ्यात जास्त खपणारं ब्लेड देतो. या विषयातल्या जाणकाराला विचारलं, तर तो त्याच्या स्वतःच्या गालाला मानवलेलं नाव सांगतो. दोघंही प्रामाणिक असतात आणि दोघांच्याही उत्तराचा नवख्याला फारसा उपयोग नसतो. ब्लेडचा प्रश्न चष्म्यासारखा आहे. दुसऱ्याचा चष्मा कितीही महागाचा असला, तरी आपल्या डोळ्यांना त्यातून नीट दिसेलच असं नाही.

हा प्रश्न माझ्यापुढे हौस म्हणून आला नाही. मी रायगड जिल्ह्यातल्या एका रसायन कारखान्यात काम करतो. आमच्या विभागात रेस्पिरेटर, म्हणजे नाक-तोंड घट्ट झाकणारा मास्क, लावल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. मास्कची रबरी कड कातडीला सपाट टेकली, तरच आतली हवा फिल्टरमधून येते. मध्ये दाढीचे खुंट आले, की कड किंचित उचलली जाते आणि हवा फिल्टर टाळून कडेनं आत शिरते. म्हणून दाढी त्याच दिवशीची हवी, असा नियम आहे. वर्षातून एकदा परीक्षा होते: मास्क लावून डोक्यावर टोपडं चढवायचं, आत एक अतिशय कडू द्रावण फवारलं जातं, आणि आपण मान वळवत, वाकत, मोठ्यानं बोलत राहायचं. जिभेला कडू लागलं, की नापास.

रोजची दाढी माझ्या गळ्याला सोसेना. तीन-चार पात्यांच्या कार्ट्रिजनं गाल आरशासारखा व्हायचा, पण कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना लाल, टणक पुळ्या उठायच्या. काहींत पू व्हायचा. मास्कची कड हनुवटीच्या खाली जिथे टेकते, नेमकी तिथेच. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं आणि सांगितलं, "कापलेला केस वाढताना वळून परत कातडीत घुसतोय. कुरळ्या, राठ केसांत हे होतं. उत्तम इलाज म्हणजे दाढी वाढवा."

"डॉक्टर, दाढी वाढवली तर काम सुटतं."

"मग एकच पातं वापरा. केसांच्या दिशेनंच ओढा. आणि तुळतुळीतपणाचा हट्ट सोडा."

पुढचे तीन आठवडे दाढी न करता मी कोरड्या गोदामात बसून पावत्या तपासल्या. त्या महिन्यात पाळीचा भत्ता मिळाला नाही. कातडी मात्र निवली.

एकापेक्षा जास्त पात्यांनी नेमकं काय होतं, हे तेव्हा समजून घेतलं. पहिलं पातं केस कापतं आणि कापता कापता थोडा वरही ओढतं. तो मागे जायच्या आत दुसरं पातं त्याला आणखी खाली छाटतं. मग उरलेला केस कातडीच्या पातळीखाली जातो. सरळ केसाच्या माणसाला यातून फक्त गुळगुळीतपणा मिळतो. वळणाऱ्या केसाचं टोक मात्र वर येताना वाट चुकतं. एक पातं केसाला पृष्ठभागाशी सोडून देतं, आणि माझ्या मास्कला तेवढंच पुरेसं होतं. रबराची कड नीट बसायला त्या दिवशीची दाढी लागते, दोनदा घोटलेली लागत नाही.

अशा रीतीनं जुन्या पद्धतीचा सेफ्टी रेझर घरात आला. त्याचा मोठा गुण असा, की ब्लेड कोणत्या कंपनीचं घ्यायचं ते रेझर ठरवत नाही. कार्ट्रिजच्या दांड्याला त्याच कंपनीचं डोकं लागतं. दुहेरी धारेचं ब्लेड मात्र जगभर एकाच मापाचं असतं: साधारण 22 मिलिमीटर रुंद, 43 मिलिमीटर लांब आणि एक दशांश मिलिमीटर जाड. किंग कॅम्प जिलेटनं असा रेझर 1903 साली बाजारात आणला, तेव्हा वर्षभरात 51 रेझर आणि 168 ब्लेडं खपली. रेझरची किंमत 5 डॉलर होती, त्या काळी अजिबात कमी नव्हे. कल्पना जिलेटची असली, तरी इतक्या पातळ पोलादाला धार टिकेल असं कठीण करण्याचं काम विल्यम निकरसन या एमआयटीत शिकलेल्या अभियंत्याचं. मूळ पेटंटची मुदत 1921 मध्ये संपली आणि इतरांनाही ब्लेडं काढायला वाट मोकळी झाली. आज किराणा दुकानाच्या बरणीमागे तीन-चार कंपन्यांची पाकिटं शेजारी शेजारी दिसतात, त्याचं मूळ तिथे आहे.

आणखी एक गोष्ट वाचताना मी थांबलो. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला सुमारे 35 लाख रेझर आणि 3 कोटी 20 लाख ब्लेडं पुरवली गेली. खंदकातल्या सैनिकाला गॅस मास्क घट्ट बसायला दाढी साफ लागायची. घरी, स्वतःच्या हातानं, रोज दाढी करण्याची सवय त्या पिढीत पसरायला हेही एक कारण झालं. म्हणजे माझी अडचण नवी नव्हती. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या शिपायाचा गळाही असाच सोलला असेल.

आता ब्लेडांत फरक कशानं पडतो? पोलाद बहुतेकांचं एकाच जातीचं: सुमारे 13 टक्के क्रोमियम असलेलं स्टेनलेस. पट्टीला भोकं पाडतात, तापवून आणि झटकन थंड करून ती कठीण करतात, मग दोन्ही कडा टप्प्याटप्प्यानं घासून धार काढतात. धारेचं टोक मायक्रॉनहूनही बारीक असतं. त्यावर क्रोमियम, प्लॅटिनम असल्या धातूंचा थर देतात आणि सगळ्यात वर पीटीएफई, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावर असतो तो लेप. घासण्याचा कोन, थरांची जाडी आणि लेप यांत कंपन्या वेगळ्या होतात. धातूचा थर धार टिकवतो, लेप पातं केसावरून सहज सरकवतो.

म्हणून 'धारदार' आणि 'मऊ' हे दोन वेगळे गुण आहेत. नवखा माणूस फक्त धार पाहतो, किंवा धारेला घाबरून मऊ म्हणून नावाजलेलं ब्लेड घेतो. जपानचं फेदर धारेसाठी जगभर प्रसिद्ध आहे, आणि नवख्यांना त्यापासून लांब राहा असं सांगितलं जातं. या सल्ल्यात तथ्य आहे, कारण हात बसेपर्यंत कोन चुकतो आणि धारदार पातं चूक माफ करत नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. कमी धारेचं पातं केस ओढतं, मग माणूस नकळत जोर देतो आणि त्याच जागेवरून दोन-तीनदा फिरवतो. कातडी सोलली जाते ती त्या जोरानं आणि त्या फेऱ्यांनी.

माझं कामच मोजमापाचं, तेव्हा मी ब्लेडंही तशीच मोजायची ठरवली. पाच कंपन्यांची ब्लेडं आणली, काही भारतीय, काही परदेशी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: रेझर तोच, साबण तोच, वेळ पहाटे पाचची, गरम पाण्याचा टॉवेल तीन मिनिटं. प्रत्येक ब्लेडच्या तीन दाढ्या, प्रत्येक कंपनीची दोन ब्लेडं. एकूण तीस दाढ्या, म्हणजे कामाचे पाच आठवडे. वहीत चार रकाने आखले: ओढ, रक्त, तुरटी आणि संध्याकाळच्या पुळ्या.

तुरटी हा फार प्रामाणिक परीक्षक आहे. ओल्या कातडीवरून तिचा खडा फिरवला, की जिथे वरचा पापुद्रा निघाला असेल तिथे झोंबतं, डोळ्यांना काही दिसत नसलं तरी. गालावर गप्प आणि गळ्यावर झोंबली, तर ब्लेडला नावं ठेवण्याआधी गळ्यावर हात कसा चालतोय ते पाहायचं.

ते कसं पाहायचं, हे आमच्या नाक्यावरच्या सलूनवाल्या काकांनी शिकवलं. ते वस्तऱ्यात दुहेरी धारेचं ब्लेड मधोमध मोडून अर्धं घालतात, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं. चाळीस वर्षांत किती गळे पाहिले असतील!

"काका, गळ्याला कुठलं ब्लेड बरं?"

"ब्लेडचं नंतर बघू, साहेब. आधी केस कुठं चाललाय ते बघा." त्यांनी माझं बोट धरून माझ्याच गळ्यावरून फिरवलं. "हितं खाली. हितं आडवा. आन् ह्या बाजूला वर चाललाय. तुम्ही सगळीकडं वरनं खाली ओढताय, म्हणजे अर्ध्या गळ्याला उलटंच."

दोन दिवसांची दाढी वाढवून बोटानं चाचपलं, की हा नकाशा कळतो. बोट जिकडे गुळगुळीत सरकतं ती केसाची दिशा, जिकडे खरखरतं ती उलटी. सुटीच्या दिवशी कागदावर गळा काढून मी बाण मांडले. डाव्या बाजूला ते चक्क कानाकडे वळत होते.

या नकाशाचं महत्त्व मला एका शास्त्रीय कामातूनही पटलं. केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ, तरी ब्लेड बोथट का होतं? एमआयटीतल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाढीचे केस कापून पाहिले आणि 2020 मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडले. धार सगळीकडून सारखी झिजत नाही, तिचे बारीक कपचे उडतात. केस पात्याला तिरका येऊन वाकला आणि नेमकं तिथलं पोलाद आतून एकसारखं नसलं, की टवका निघतो. म्हणजे एकाच पाकिटातली दोन ब्लेडं किंचित वेगळी वागली, तर तो मनाचा खेळ असेलच असं नाही. एका ब्लेडवरून निकाल देऊ नये, हे मी त्यातून घेतलं.

पाच आठवड्यांनी वही काय म्हणाली? नावं मुद्दाम देत नाही, कारण माझ्या गळ्याचा निकाल तुमच्या गळ्याला लागू नाही. सगळ्यात मऊ म्हणून नावाजलेल्या ब्लेडनं रक्त एकदाही काढलं नाही, पण ओढ सगळ्यात जास्त आणि संध्याकाळच्या पुळ्याही जास्त, कारण एका फेरीत काम होत नव्हतं. सगळ्यात धारदार ब्लेडनं एका फेरीत गळा साफ केला, पण उरल्यासुरल्या पुळ्यांची डोकी तेवढ्याच सफाईनं उडवली. मधलं एक, किराणा दुकानात सहज मिळणारं, पहिल्या दाढीला किंचित बोचरं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाढीला सुरेख निघालं. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी चौदा पुळ्या मोजल्या होत्या. या ब्लेडच्या शेवटच्या दाढीला चार होत्या. त्यातला काही वाटा ब्लेडचा, काही हात बसल्याचा. ते वेगळं काढायला मधल्या ब्लेडनंतर पुन्हा पहिलं ब्लेड लावून पाहिलं: नऊ.

नवख्याला म्हणून एवढंच सांगेन. पहिला महिना एकच ब्लेड वापरा, मिळेल ते मधल्या धारेचं. पातं कातडीशी साधारण तीस अंशांच्या कोनात ठेवा, रेझरचं वजनच पुरे, वरून दाबू नका. गळ्याचा नकाशा काढा. त्यानंतर चार-पाच कंपन्यांची एकेक पाकिटं आणा, शंभर ब्लेडांचा खोका नको. तीन दाढ्यांनंतर ब्लेड बदला, ते अजून चालतंय असं वाटलं तरी. पाच-सहा रुपयांच्या वस्तूसाठी गळा पणाला लावण्यात काटकसर नाही. आणि पुळ्यांत पू होत असेल, तर ब्लेडच्या आधी डॉक्टर.

त्या वर्षीची मास्कची परीक्षा मी चिकटपट्टी आणि मलम न लावता दिली. दोन्ही तळव्यांनी फिल्टर झाकून श्वास आत ओढला, तेव्हा मास्क आत दबून चेहऱ्याला घट्ट चिकटला. मग फवारा सुरू झाला. मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. जिभेला काही लागलं नाही. पुढच्या सोमवारपासून मी माझ्या पाळीवर होतो.

राहिला प्रश्न वापरलेल्या ब्लेडचा. अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघरातल्या कपाटाला मागे एक फट असायची. ब्लेडं त्यातून भिंतीच्या पोकळीत पडायची, आणि घर पाडेपर्यंत कुणाला दिसायची नाहीत. आपल्याकडे कचरा माणसं हातानं वेगळा करतात, बऱ्याचदा मोज्यांशिवाय. आठवड्याला दोन ब्लेडं, म्हणजे वर्षाला शंभरावर ब्लेडं, दोनशेहून जास्त धारा. मी दुधाच्या पावडरचा पत्र्याचा डबा घेतला, झाकण चिकटवून टाकलं आणि छिन्नीनं वर एक चीर पाडली. डबा भरायला बरीच वर्षं जातील. भरला, की चीर ठोकून बंद करायची, वर ठळक अक्षरांत 'ब्लेडं' लिहायचं आणि तो सबंध डबा भंगारवाल्याच्या हातात सांगून द्यायचा. माझा गळा वाचवणारी धार दुसऱ्या कुणाच्या तळव्यात जायला नको.