चपटे टॅपेट कीं चाकाचे?

गेल्या वर्षीं आमच्या घरांत एंजिनाच्या एका लहानशा भागावरून मोठा वाद झाला. त्याची हकीकत सांगावयाची तर प्रथम गाडीची ओळख करून दिली पाहिजे. आमच्या थोरल्या बंधूंची प्रीमियर पद्मिनी वाशिमास आमच्या मागच्या अंगणांत पत्र्याखालीं उभी असते. ही मूळची इटलीची फियाट ११००. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार होऊं लागली आणि १९७४ पासून पद्मिनी या नांवानें विकली गेली. एंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ घनसेंटिमीटरचें. बंधू गेले, परंतु गाडी विकावी असें घरांत कोणाच्याहि तोंडून निघालें नाहीं.

बंधूंचा नातू यंत्रविद्या शिकून पुण्यास नोकरीस आहे. आजोबांचें एंजिन अधिक जोमाचें करावें असें त्याच्या मनानें घेतलें. समृद्धि महामार्ग आमच्याच जिल्ह्यांतून जातो. तेथें मोटारींस ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा आहे, ती या गाडीनें सुखानें गांठावी एवढाच त्याचा हट्ट. एंजिन उघडलें तों कॅमशाफ्टचे दोन उंचवटे झिजून बसलेले निघाले.

"नानाआजोबा, चपट्या टॅपेटांचा जमाना गेला," तो म्हणाला. "आपण रोलरच घालूं. त्यांना सुरुवातीचीं तीं वीस मिनिटंहि लागत नाहींत."

शेवटचें वाक्य आम्हांस लागलें. त्याचें कारण त्यास ठाऊक नव्हतें.

कांहीं वर्षांपूर्वीं या एंजिनास नवा कॅमशाफ्ट व नवे टॅपेट घातले होते. मिस्त्रींनीं बजाविलें होतें कीं, एंजिन सुरू होतांच तें मिनिटास दोन हजार फेऱ्यांच्या आसपास वीस मिनिटें चालवावें, मंद होऊं देऊं नये. मंद गतींत उंचवट्यांवर ऑइल कमी उडतें, आणि दोन्ही नव्या पृष्ठांचें जुळण्यापूर्वींच तीं खरवडलीं जातात. परंतु त्या दिवशीं घरीं श्राद्ध होतें. मिस्त्रींस दुसरा दिवस मोकळा नव्हता. बंधू आंत सोवळ्यांत, ब्राह्मण पानावर, आणि अंगणांत तो गडगडाट व धूर! पांच मिनिटांतच आम्हीं हातानें खूण करून एंजिन बंद करविलें. पुढें टॅपेट वाजूं लागले तेव्हां बंधू पेट्रोलास दोष देत. आम्हीं त्यांस कधींच कांहीं सांगितलें नाहीं.

आतां वादाचा विषय. कॅमशाफ्ट फिरतांना त्यावरील उंचवटा टॅपेटास उचलतो, टॅपेट पुशरॉडास, पुशरॉड रॉकरास, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. पद्मिनीचे टॅपेट तळाशीं चपटे. चपटे म्हणावयाचें खरें, पण असा तळ सामान्यतः किंचित् फुगीर व उंचवटा किंचित् उतरता घासलेला असतो; त्यामुळें टॅपेट स्वतःभोंवतीं हळूहळू फिरतो आणि झीज एकाच जागीं पडत नाहीं. रोलर टॅपेटाच्या तळाशीं सुयांच्या बेअरिंगवर बसविलेलें लहानसें चाक असतें. घर्षण कमी होतें हा एक लाभ. त्याहून मोठा हा कीं, उंचवट्याची चढण अधिक उभी ठेवतां येते, व्हॉल्व्ह झटकन उघडतो व अधिक काळ पुरता उघडा राहतो. अमेरिकेंत फोर्डनें १९८५ सालीं मस्टँगच्या आठ सिलिंडरी एंजिनांत असे टॅपेट कारखान्यांतूनच बसविले. मुलाचें म्हणणें पोकळ नव्हतें.

मिस्त्रींनीं मात्र मान हालविली. "गुरुजी, चाक आडवं झालं तर कॅम खाऊन टाकते." चपट्या टॅपेटानें फिरलेंच पाहिजे, आणि चाकाच्या टॅपेटानें मुळींच फिरतां कामा नये. त्यासाठीं दोन दोन टॅपेट पट्टीनें जोडावे लागतात किंवा ब्लॉकांत खांचा पाडाव्या लागतात. शिवाय जुना कॅमशाफ्ट चालत नाहीं, चाकाच्या भारास टिकणारा पोलादी घडवून घ्यावा लागतो. टॅपेट उंच म्हणून पुशरॉड आंखूड, आणि उभी चढण म्हणून स्प्रिंगा कडक. ऑइलानें भरलेले हायड्रॉलिक टॅपेटहि मुलानें सुचविले. पण त्यांस दाबाच्या ऑइलाची वाट लागते, आणि अतिवेगांत ते नको तितके ताठ होऊन व्हॉल्व्ह पुरता मिटूं देत नाहींत.

शास्त्रग्रंथाच्या आरंभीं विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी हीं चार सांगण्याची रीत आहे. आम्हीं प्रयोजन विचारलें. मुलानें कागदावर हिशेब मांडला, आणि खरें सांगावयाचें तर त्यानेंच स्वतःस हरविलें: त्यास हव्या असलेल्या फेऱ्या चपट्या टॅपेटांच्या आटोक्याबाहेरच्या नव्हत्या. मिनी कूपरनें १९६४, १९६५ व १९६७ सालीं माँटे कार्लोची रॅली जिंकली, ती चपट्याच टॅपेटांवर. तरी तो कुरकुरत होता. तेव्हां आम्हीं श्राद्धाच्या दिवसाची गोष्ट त्यास सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे टॅपेटांचा दोष नव्हता तर." ब्लॉक कापावयाचा नाहीं असें त्यानेंच ठरविलें.

थोडी अधिक उचल असलेला नवा कॅमशाफ्ट आणि आठहि टॅपेट नवे घेतले. जुना टॅपेट नव्या कॅमवर घालणें म्हणजे नवा कॅम मुद्दाम बिघडविणें होय. ऑइलाकडेहि पाहिलें. अलीकडच्या पेट्रोल मोटारींच्या ऑइलांत जस्त व फॉस्फरस यांचें द्रव्य कमी केलेलें असतें, कारण तें धुराड्यांतील उत्प्रेरकास बाधतें. चपट्या टॅपेटांस नेमका त्याचाच आधार. म्हणून तें अधिक असलेलें ऑइल पुण्याहून मागविलें.

या खेपेस एंजिन सुरू झालें तेव्हां घड्याळ आमच्या हातांत होतें. वहिनी कानांवर पदर धरून दारांत उभ्या. बाराव्या मिनिटास शेजारचे गृहस्थ धूर पाहून धांवत आले. आम्हीं त्यांस खुर्ची दिली. विसावें मिनिट भरल्यावर मुलानें एंजिन थांबविलें. तें निवाल्यावर मिस्त्रींनीं फिलर गेज घालून आठहि टॅपेटांचें अंतर पुन्हा तपासलें.

गाडी अद्याप ताशीं ऐंशींच्या पुढें नेलेली नाहीं. मुलाच्या टेबलावर रोलर टॅपेटाची आकृति अजून आहे. ती दुसऱ्या एखाद्या एंजिनासाठीं, असें तो सांगतो.