‘मग त्यांना माझा पासवर्ड ठाऊक आहे का?’

‘अरे, माझा पासवर्ड फुटलाय हे त्या क्रोमला कळलं कसं? म्हणजे तो त्यांना ठाऊक आहे की काय?’ मिरजेच्या मावशीनं फोनवर हे विचारलं आणि मला तिचं कौतुक वाटलं. विजेचं बिल भरायला लॉग-इन केल्यावर तिला गूगलच्या क्रोम ब्राउझरनं इशारा दिला होता, की हा पासवर्ड डेटा गळतीत सापडला आहे, तो बदला. घाबरून तिनं लॅपटॉप मिटला होता, पण घाबरतानाही तिनं नेमका प्रश्न विचारला. बहुतेक जण तो इशारा पाहतात आणि फुली दाबून मोकळे होतात.

रविवारी मी मिरजेला गेलो. आधी तिची भीती घालवायची होती. ‘तुझ्या बिलाच्या खात्यात कुणी शिरलंय, असं यात म्हटलेलं नाही. वीज कंपनीकडून काही फुटलंय, असंही नाही. हा ईमेल आणि हा पासवर्ड ही जोडी कुठून तरी चोरीला गेलेल्या याद्यांत आहे, एवढंच यात म्हटलंय.’ चोर अशा जोड्या प्रोग्रॅम लावून शेकडो संकेतस्थळांवर घालून पाहतात. एकच पासवर्ड सगळीकडे असेल, तर कुठलं ना कुठलं दार उघडतंच. मावशीचा पासवर्ड सगळीकडे एकच होता.

मग तिच्या प्रश्नाकडे वळलो. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे कागदच पुढे ओढला. पासवर्डवर एक गणिती प्रक्रिया करतात, तिला हॅश म्हणतात. तिच्यातून ठरावीक लांबीची एक साखळी निघते आणि साखळीवरून उलट पासवर्ड काढण्याचा सरळ मार्ग नसतो. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञानं २०१३ साली ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही, आपली माहिती गळतीत सापडली आहे का ते तपासणारी मोफत सेवा सुरू केली. तिथे पासवर्ड तपासताना चाळीस अक्षरांच्या साखळीतली फक्त पहिली पाच पाठवली जातात. त्या पाचांनी सुरू होणाऱ्या पुष्कळ साखळ्या परत येतात आणि आपली त्यांत आहे का, हे आपल्याच यंत्रावर पाहिलं जातं. ‘म्हणजे बैठक क्रमांकाचे पहिले आकडे सांगून अख्ख्या केंद्राचा निकाल मागवायचा आणि आपला घरी बसून शोधायचा,’ मावशी म्हणाली. अगदी तसंच. क्रोमची पद्धत याहून गुंतागुंतीची आहे. तिथे नाव आणि पासवर्ड आपल्या यंत्रावरच कूटबद्ध होतात आणि अंतिम तुलनाही आपल्याच यंत्रावर होते. पासवर्ड उघडा असा गूगलकडे जात नाही. ही रचना मला मनापासून सुंदर वाटते: गुपित न सांगता ते फुटलंय का, हे विचारता येतं.

खरा इशारा ब्राउझर स्वतः देतो आणि त्यात फोन नंबर नसतो. ‘तुमचा संगणक हॅक झाला, या क्रमांकावर फोन करा’ असं एखाद्या पानावर झळकलं, तर ती फसवणूक समजायची आणि पान बंद करायचं. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायचं.

बदलायला सुरुवात ईमेलपासून केली, कारण बाकी बहुतेक खात्यांचे नवे पासवर्ड त्याच पेटीतून मागवता येतात. मग बँक, मग पेन्शनचं खातं. ईमेलला दुहेरी पडताळणीही लावली. नवे पासवर्ड मावशीनं वहीत लिहिले आणि वही कपाटात ठेवली. यावर नाक मुरडणारे भेटतात, पण एकट्या राहणाऱ्या बाईसाठी मला हेच योग्य वाटतं. दूरदेशी बसलेल्या चोराचा हात त्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. दहा ठिकाणचा एकच पासवर्ड मात्र त्याला सहज मिळतो.

इशाऱ्यात गळती कुठे झाली, ते लिहिलेलं नव्हतं. हंट यांच्या सेवेत मावशीचा ईमेल घातल्यावर एका जुन्या खरेदीच्या संकेतस्थळाचं नाव आलं. मावशीनं तिथे एकदाच साडी मागवली होती. त्या कंपनीनं तिला एका ओळीनंही कळवलं नव्हतं, याचा मला संताप आला. माहिती फुटली, तर ज्याची माहिती त्याला कळवलं पाहिजे, अशी तरतूद आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. ती कागदावरच राहू नये, म्हणून आपण विचारायला हवं. मावशीनं त्याच दुपारी त्या कंपनीला मराठीत मेल लिहिला. माझी कोणती माहिती गेली, केव्हा गेली, ते कळवावे आणि खाते कायमचे काढून टाकावे, असं त्यात होतं. खाली पूर्ण नाव घातलं आणि ‘निवृत्त शिक्षिका’ असंही लिहिलं.