भिशीचे साठ हजार

यंदाची भिशी मला लागली. 60 हजार. रक्कम अशी की उडवली तर महिनाभरात संपेल, ठेवली तर कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. आईचं मत ठरलेलं: "सोनं घे गं, अडीनडीला कामी येतं." येतं, मान्य. पण घडणावळ आणि वर 3 टक्के जीएसटी दुकानातच सोडून यायचं. शिवाय एकदा केलेला दागिना मोडायला आपल्याकडे हात कुणाचा धजावतो?

भाऊजी शेअर घ्या म्हणतात. त्यांचा नफा रोज जेवताना ऐकू येतो, तोटा कधीच नाही.

शेवटी पोस्टात गेले. खिडकीवरच्या बाईंनी पीपीएफ समजावलं. मुदत 15 वर्षं. आणि पैसे 5 तारखेपर्यंत भरा, म्हणाल्या. 5 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच व्याज धरतात. 6 तारखेला भरले, तर त्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज बुडालं. घरातल्या एकाही जाणकाराला हे ठाऊक नव्हतं!

तर 40 हजार तिकडे. उरलेले 20 बँकेत मुदत ठेवीत, गरज पडली तर मोडता येतील असे. एसआयपीचं पगारातून बघू. आईला काय सांगायचं, ते मात्र अजून ठरायचंय.